आधी रस्ता, मग घर : पुण्यात सायकलसाठी घर शोधताना

८ जानेवारी २०२५ ला बदलीचं पत्र हातात पडलं. १ एप्रिलपासून बाणेरच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. नाशिकला मी गंगापूर रोडवरून सातपूरला सायकलने जात असे. सवय इतकी मुरलेली होती, की पत्र वाचल्यावर पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, सायकलचं काय हा होता.

पुण्यातल्या ओळखीच्यांना विचारलं. "पुण्यात सायकल? विसर आता," हे बहुतेकांचं उत्तर. उरलेल्यांनी रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला जायचे रस्ते सांगितले. रोज सकाळी साडेनऊला, डबा आणि लॅपटॉप घेऊन, घामाघूम न होता ऑफिसला पोचायचं असेल तर राहायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आता आम्ही स्थिरावलो आहोत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. अशाच शोधात असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

आमच्या अटी अशा होत्या. माझं ऑफिस बालेवाडी फाट्याजवळ. नवऱ्याचं काम शिवाजीनगरला, आणि त्याला बसने जायचं होतं. भाडं तीस हजारांच्या आत. घर दोन खोल्या-स्वयंपाकघराचं. आणि सायकल रोज खांद्यावर घेऊन जिने चढायचे नाहीत. ही शेवटची अट मी पहिल्या दिवसापासून एजंटांना सांगत होते. फोनवर सगळेच "होऊन जाईल मॅडम" म्हणत.

फेब्रुवारीत शोध सुरू केला. कोथरूडला माझी मावशी राहते, वनाजजवळ. तिच्याकडे मुक्काम आणि मावसभावाची गिअरची सायकल, एवढ्या भांडवलावर निघाले. मावशीचं म्हणणं सरळ होतं. "अगं, कोथरूडातच बघ. मी आहे, मंडई आहे, मेट्रो आहे. ह्यांना शिवाजीनगरला कसं सोयीचं पडेल बघ." नवऱ्यापुरतं ते अगदी खरं होतं. वनाजची मेट्रो २०२२ पासून सुरू आहे आणि शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत जाते.

सोमवारी, १० फेब्रुवारीला, सकाळी नऊला मी मावशीच्या घरून बाणेरकडे निघाले. मुद्दाम सोमवार धरला. रविवारी पाहिलेला रस्ता आणि सोमवारचा रस्ता यांचा एकमेकांशी संबंध नसतो. कोथरूडहून बाणेरला जायचे दोन मार्ग आहेत. एक पौड रोडने चढत चांदणी चौकात आणि तिथून हायवेच्या कडेने. दुसरा लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड करत विद्यापीठ चौकात आणि पुढे बाणेर रोडने.

चांदणी चौकाचे नवे पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले आणि गाड्यांचं काम सोपं झालं. सायकलवाल्याला मात्र डाव्या बाजूने वेगात येऊन मिसळणारे रॅम्प एकामागून एक ओलांडावे लागतात. मागून येणाऱ्याला आपण दिसलो का, याचा भरवसा नसताना मान वळवत पुढे जायचं. चढाने दम लागलेला असतो तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी विद्यापीठ चौकातून गेले. तिथे आणि पुढे बाणेर रोडवर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले होते. उरलेल्या रस्त्यात बस, रिक्षा आणि मी. अंतर पायांना जड गेलं नाही, त्या दोन जागा डोक्याला जड गेल्या. रोज दोनदा तिथून जायचं असेल तर चार महिन्यांत सायकल गॅलरीत उभी राहणार, हे मला स्वच्छ दिसलं. मावशीला तसं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण तिने त्यावर वाद घातला नाही.

त्या दोन दिवसांनंतर मी किलोमीटर मोजणं सोडलं. वहीत प्रत्येक भागासाठी एक पान केलं आणि तीन गोष्टी लिहायला लागले : किती ठिकाणी वेगातली वाहतूक आडवी येते, किती ठिकाणी उजवीकडे वळावं लागतं, आणि चढ कुठल्या वेळेला येतो.

उजव्या वळणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घर बघताना हे कुणी सांगत नाही. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावं वळण सायकलला सोपं. उजवीकडे वळायचं तर मागून येणारी आणि समोरून येणारी, दोन्हीकडची वाहतूक कापावी लागते. सकाळची सगळी डावी वळणं संध्याकाळी उजवी होतात. म्हणून जातानाचा रस्ता आणि येतानाचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते समजून पाहायचे. सकाळी सुरेख वाटलेला एक मार्ग मी संध्याकाळी सात वाजता पाहिला आणि वहीतून खोडला. उजवं वळण सिग्नलवर असेल तर हरकत नाही. तिथे उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल ढकलत नेता येते. मी आजही एका चौकात तसंच करते.

चढाचंही तसंच. सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ असेल तर उत्तम, कारण घरी पोचल्यावर अंघोळ करता येते. उलट असेल तर ऑफिसात न्हाणीघर आहे का, हे घर ठरवायच्या आधी विचारून घ्या. आमच्याकडे नाही. म्हणून चढ टाळणं मला भाग होतं.

वाकड आणि पिंपळे निलख स्वस्त पडत होतं, इमारती नव्या होत्या. पण मधे मुळा नदी, आणि पुलावर हिंजवडीची सगळी गर्दी. नदी आली की रस्ते कमी होतात, पुलावरच सगळ्यांना यावं लागतं आणि सायकलला आतला पर्याय उरत नाही. नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये मी आणखी एक प्रश्न विचारत होते : इमारत पूररेषेत येते का? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं, ते डोक्यात ताजं होतं. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंटाला हे माहीत नसतं. इमारतीच्या वॉचमनला मात्र पार्किंगमध्ये पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोट ठेवून दाखवता येतं.

सूसला खिंडीचा चढ, हायवेवरचा पूल आणि टँकरचं पाणी. एका फेरीत ते पान संपलं. बालेवाडीतच घर घेतलं असतं तर मी चालत गेले असते, पण भाडी पस्तीस हजारांच्या पुढे होती आणि नवऱ्याचा प्रवास दुप्पट झाला असता.

पाषाणवर माझा जीव जडला होता. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) बाजूने जाणारा सावलीचा रस्ता, जुनी वडाची झाडं, संस्थांच्या भिंती, मागे टेकडी. पाषाण-बाणेर लिंक रोडने ऑफिस जेमतेम पाच किलोमीटर. मोठे चौक कमी. नवऱ्याला शिवाजीनगरची बस. लिंक रोडला चढ आहे, तो जाताना आणि येताना, दोन्ही वेळा थोडा थोडा वाट्याला येतो. तरीही मी तयार होते. अडलं ते घरावर. बजेटात बसणारी जी घरं दिसली ती बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली पार्किंगमध्ये चारचाकी गाड्या इतक्या चिकटून लावलेल्या, की सायकल आत नेताना हँडल घासलंच असतं. एका ठिकाणी सायकल जिन्याखाली ठेवते म्हटलं, तर मालकांनी सांगितलं की आगीच्या नियमामुळे सोसायटी जिन्याखाली काही ठेवू देत नाही. त्यांचं बरोबर होतं.

औंध मी यादीत शेवटी ठेवलं होतं, कारण तिथून बाणेर रोडशिवाय मार्ग नाही असा माझा समज झाला होता. नकाशा तसंच दाखवत होता. मार्ग दाखवला तो आमच्या ऑफिसच्या इमारतीतल्या सुरक्षारक्षक काकांनी. मी जागा बघायला गेले तेव्हा गेटच्या आत, पंपाच्या खोलीला टेकवून एक काळी जुनी सायकल उभी होती, मागे डब्याची पिशवी. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, "माझीच की. औंधातनं येतो."

"बाणेर रोडने?"

"बाणेर रोडनं कशाला मरायला येऊ? मेडिपॉइंट हॉस्पिटलकडनं आत शिरायचं. तिकडनं आत आत येत राहायचं. मोठ्या रोडला शेवटी थोडं लागायचंय, तेवढंच. तिथं उतरून चालायचं."

ते गेली कित्येक वर्षं त्या रस्त्याने येत आहेत. कुठल्या शाळेची बस किती वाजता आडवी लागते, कुठे सकाळी भाजीच्या टेम्पोमुळे अडतं, कुठल्या गल्लीत कुत्री रात्री नऊनंतर त्रास देतात, सगळं त्यांना तोंडपाठ. रोज कामावर सायकलने जाणारे पुण्यात आजही पुष्कळ आहेत. ते सुरक्षारक्षक आहेत, बांधकामावर जाणारे आहेत, घरकामाला जाणाऱ्या मावश्या आहेत. हेल्मेट आणि जर्सीवाल्यांत त्यांची गणती होत नाही, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. तुम्ही घर शोधत असाल तर आधी ऑफिसच्या गेटवर कुणाची सायकल उभी आहे ते बघा आणि त्या माणसाशी बोला. माझ्या सगळ्या शोधात इतकी उपयोगी माहिती दुसऱ्या कुणाकडून मिळाली नाही.

परिहार चौकापासून बालेवाडी फाट्यापर्यंत साडेचार-पाच किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट. औंधच्या डीपी रोडवर स्मार्ट सिटीच्या कामात रुंद फुटपाथ आणि सायकल ट्रॅक केलेला आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास औंधमध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलीही आल्या होत्या. त्या सायकली आता दिसत नाहीत. ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी दुचाकी उभ्या असतात, त्यामुळे सलग चालवता येत नाही. म्हणून ट्रॅक आहे या एका कारणावर घर निवडू नका. रस्ता रुंद आणि वाहतूक सावकाश असेल तर ट्रॅक नसला तरी चालतं.

औंधचा आणखी एक फायदा मला तिथे दोनदा जाऊन आल्यावर कळला. औंध ऑफिसच्या पूर्वेला आहे. सकाळी पश्चिमेकडे जायचं, संध्याकाळी पूर्वेकडे यायचं, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीवर. मार्च-एप्रिलच्या उन्हात डोळ्यांवर तिरीप घेत गाड्यांमधून जाणं काय असतं, हे नाशिकला सोसलेलं आहे. घर ऑफिसच्या पूर्वेला असावं, हा नियम मी आता सगळ्यांना सांगते. फक्त लक्षात ठेवा, समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत त्या वेळी ऊन असतं. फिकट, चमकदार कपडे घाला आणि उजवीकडे वळताना त्याने आपल्याला पाहिलंय असं गृहीत धरू नका.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घर मिळालं. जुनी तीन मजली सोसायटी, घर पहिल्या मजल्यावर, भाडं सत्तावीस हजार, अनामत ऐंशी हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं. पाच हजार टोकन द्यायच्या आधी मी मालकांकडे दोन दिवस मागून घेतले. एक सकाळ आणि एक संध्याकाळ त्या घराच्या फाटकापासून ऑफिसच्या फाटकापर्यंत सायकलने जाऊन आले. मालक काका निवृत्त शिक्षक. त्यांना वाटलं, घर पसंत नाही म्हणून वेळ काढतेय. कारण सांगितल्यावर म्हणाले, "जा, बघून या. घर काही पळून जात नाही." सगळे मालक असे नसतात. दोन दिवस मिळाले नाहीत तर निदान एक संध्याकाळ तरी मागा.

सायकलची जागा बोलण्यावर सोडली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंना भेटले. मीटरच्या खोलीशेजारी भिंतीला लागून दोन सायकली मावतील एवढी मोकळी जागा होती. त्यांनी कमिटीला विचारलं, चार दिवस लागले, होकार आला. मग करारनाम्यात पार्किंगच्या कलमात "एक दुचाकी व दोन सायकली" असं लिहून घेतलं. हे जरूर करा. सहा महिन्यांनी कुणी नवी गाडी घेतली की पहिली गदा सायकलवर येते, तेव्हा कागद उपयोगी पडतो.

करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम भागवू असं सांगणारे एजंट भेटतील, ऐकू नका. मुद्रांक शुल्काचा हिशोब सोपा आहे : अकरा महिन्यांचं एकूण भाडं, अधिक अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि या बेरजेच्या पाव टक्का. आमचं शुल्क साडेसातशेच्या थोडं वर आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ऑनलाइन नोंदणीला दस्त हाताळणीचे तीनशे. सेवा पुरवणारा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन २३ मार्चला रविवारी घरीच आला. मालक, आम्ही दोघं आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार आणि अंगठे. माझा अंगठा मशीन घेईना. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं खोबरेल लावल्यावर घेतला. आधारमधला पत्ता नाशिकचा होता, त्याने काही अडलं नाही. त्या मुलाच्या फीसकट सगळा खर्च तीन हजार शंभर, निम्मा मालकांनी दिला. चार दिवसांनी नोंदणी झालेला करार आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) ईमेलवर आला. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवायचं काम मालकांनी ऑनलाइन केलं. त्याची पावती आपल्याकडेही ठेवा, गॅसच्या कनेक्शनला आणि बँकेत पत्ता बदलताना करार लागतोच, सोबत ही असलेली बरी.

पाडव्याला, ३० मार्चला, गृहप्रवेश केला. नाशिकहून टेम्पो चौदा हजार. सायकल टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवली आणि आधी उतरवली. गुढी पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभारली. मावशी श्रीखंड घेऊन आली आणि सगळं घर फिरून बघितल्यावर, "बरं आहे गं," म्हणाली.

ऑफिसातला भाग सोपा असेल असं वाटलं होतं, तो सगळ्यात लांबला. तळघरात पार्किंगसाठी स्टिकर लागतो आणि अर्जात गाडीचा नंबर लिहावाच लागतो. सायकलला नंबर नसतो. अर्ज परत आला. सुविधा विभागाला ईमेल केला, त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापनाकडे पाठवला, तिथून विम्याचा कागद मागितला. सायकलचा विमा सक्तीचा नसतो हे लिहून कळवलं. शेवटी फ्रेमखाली कोरलेला नंबर लिहून, बिलाची प्रत जोडून अर्ज केला, तेव्हा मंजूर झाला. यात एप्रिलचे तीन आठवडे गेले. तोपर्यंत माझी सायकल काकांच्या सायकलशेजारी, पंपाच्या खोलीला टेकून उभी राहिली. हे काम घर शोधतानाच सुरू करा, आणि बिल जपून ठेवा.

सामानावर साधारण साडेतीन हजार गेले : दोन्ही चाकांना मडगार्ड, पुढे-मागे चार्ज होणारे दिवे, पाठीवरची बॅग उतरवून कॅरिअरला लावायची पिशवी, चांगलं कुलूप. पिशवी कॅरिअरवर गेल्याने पाठीचा घाम निम्म्याने कमी झाला. ऑफिसात एक जोडी कपडे आणि टॉवेल खणात ठेवते. रस्त्याला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. त्याच वेळी निघालेली सहकारी औंधहूनच गाडीने येते, तिला कधी माझ्याआधी पोचता येतं, कधी नाही.

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला. मे महिन्याच्या शेवटी, २६ तारखेला, मान्सून दाखल झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा माझा रेनकोट अजून पेटीत होता. पहिल्या मोठ्या सरीत कळलं की आतल्या रस्त्यावर एका ठिकाणी पाणी साचतं आणि खालचे खड्डे दिसत नाहीत. तिथे आता वळसा घेते, पाच मिनिटं जास्त. जोराचा पाऊस असेल तर बस. १ जूनपासून पीएमपीचे, म्हणजे शहर बसचे, दर वाढले, मासिक पास नऊशेचा पंधराशे झाला. नवऱ्याला तो घ्यावाच लागतो, मी लागेल तेव्हा तिकीट काढते. घर बसथांब्याच्या जवळ असण्याचा फायदा पावसाळ्यात दोघांनाही होतो. सायकलसाठी घर बघतानाही हा विचार सोडू नका. रोज सायकलच चालवायची असा हट्ट धरला की पहिल्या आजारपणात सवय तुटते.

परवा कोल्हापूरहून एक नवा सहकारी रुजू झाला. त्यालाही सायकलनेच यायचंय. त्याला मी सोमवारी सकाळी औंधच्या रस्त्याने आणि संध्याकाळी पाषाणच्या लिंक रोडने बरोबर घेऊन गेले, आणि सुरक्षारक्षक काकांशी गाठ घालून दिली. चढाचं त्याला काहीच वाटलं नाही, सावली फार आवडली. तो आता पाषाणला तळमजल्याचं घर शोधतो आहे.